कार्ब्युरेटरसाठी अल्ट्रासोनिक टब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन लिटरचा, 40 किलोहर्ट्झचा, हीटरवाला टब. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे उठवून मळ सोडवतो. सोलापुरातल्या गॅरेजात आठ महिने चालू आहे. स्प्लेंडर, शाइन, जुन्या पल्सर यांचे कार्ब्युरेटर त्यात धुतले. टब घेण्यासारखा आहे. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं हातकाम चुकलं, तर गाडी मिसिंग करत परत येते.

खरा फायदा पायलट सर्किटला, म्हणजे इंजिन आयडलला असताना पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक वाटांना. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल सुकून तपकिरी चिकटा बसतो आणि पायलट जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळीचं) बारीक भोक सगळ्यात आधी बुजतं. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद. जेट काढून साफ करता येतं, पण बॉडीतल्या आडव्यातिडव्या वाटा कार्ब क्लीनर स्प्रेने पूर्ण सुटत नाहीत. तिथे टब कामाला येतो. जेटमध्ये पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की अॅव्हरेज गेलं.

टबात टाकण्याआधी सगळं रबर बाहेर: वाटीची रिंग, ओ-रिंगा, सीव्ही (इंजिनाच्या ओढीवर चालणारा) कार्ब्युरेटर असेल तर डायफ्रॅम, म्हणजे त्यातला पातळ रबरी पडदा. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आधी हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवायचा, फेरे मोजून लिहायचे, मगच काढायचा. हा स्क्रू पेट्रोलचा असेल (ओळख खाली दिली आहे) तर त्यावर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग असा क्रम असतो. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते, बॅटरी मारून बघा. जेट चहाच्या स्टीलच्या गाळणीत ठेवायचे.

पाण्याकडे इथे विशेष लक्ष हवं. बोअरच्या पाण्याने टबात आणि बॉडीवर पांढरा क्षार धरतो. दीड लिटर आरओचं पाणी, एक चमचा भांड्याचं लिक्विड, 50 ते 55 अंश. आधी पाच मिनिटं नुसतं पाणी चालवून त्यातली हवा काढायची, मग 15 मिनिटांचे दोन फेरे, मध्ये बॉडी उलटायची. पेट्रोल किंवा थिनर टबात कधीही नाही, आग लागेल. बाहेर काढल्याबरोबर गरम पाण्याने धुवायचं आणि भोकाभोकातून कॉम्प्रेसरची हवा मारायची. ओलं राहिलं तर पांढरी भुकटी धरते. यंत्रमागाच्या टॉवेलच्या चिंध्या गावात मुबलक, पण आतून त्यांनी पुसू नका. टॉवेलच्या कापडाचं सूत सुटतं आणि नेमकं जेटमध्ये जाऊन बसतं.

जोडताना रबर नवंच. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रिंग फुगते, खाचेत बसत नाही. दाबून बसवली की वाटी पाझरते. फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल थांबवणारी सुई बदलली तरी तिची बैठक इअरबडने साफ करा, नाहीतर ओव्हरफ्लो. गाडीवर चढवण्याआधी दहा मिनिटं पेट्रोल सोडून बघायचं.

मिक्श्चर स्क्रूचं शेवटचं सेटिंग इंजिन गरम असताना. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत फिरवला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे बरोबर उलटं.

झिजलेली स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग), फाटका डायफ्रॅम यांना टबाचा उपयोग नाही. घरच्या एका गाडीसाठी स्प्रे आणि रिपेअर किट पुरे.

एक तक्रार आहे. टब सगळीकडे सारखा चालतो का, हे फॉइलने तपासतात. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात उभी धरली की मिनिटाभरात तिच्यावर सगळीकडे बारीक भोकं पडायला हवीत. सहाव्या महिन्यापासून डाव्या कोपऱ्यात फॉइल कोरीच राहते. बॉडी आता उजवीकडे ठेवतो आणि तिसरा फेरा देतो.