१४ महिने एका मुलीला स्पॉन्सर केलं, आणि त्याआधी ११ वर्षं मी स्वतःच स्पॉन्सर्ड होते

हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुसरीत असताना एका संस्थेत माझं नाव घातलं, तिथनं बारावीपर्यंत माझ्या शिक्षणाला बाहेरचे पैसे येत होते, आठवीपर्यंत जर्मनीतल्या एका बाईंचे. आता मी मिरजेत स्टाफ नर्स आहे आणि गेल्या वर्षी जूनपासून एका मुलीसाठी महिना ८०० रुपये देते, ५ तारखेला खात्यातनं आपोआप जातात. तेव्हाची संस्था वेगळी, आत्ताची वेगळी, नाव दोन्हींचं लिहीत नाही कारण कौतुक पण आहे आणि तक्रार पण आहे.

आमचं गाव जत तालुक्यात. दसरा-दिवाळी झाली की आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत, तोपर्यंत मी आज्जीजवळ. आमच्यात पोरगी सातवी झाली की एकतर फडात नाहीतर लग्न, माझ्या दोन्ही चुलत बहिणींचं तेच झालं.

लोकांना वाटतं मुलाच्या हातात पैसे देतात, तसं नसतं. मला दप्तर, वह्या, परीक्षेची फी, वर्षातनं एकदा डॉक्टरची तपासणी आणि शनिवारी क्लास एवढं मिळायचं. एकदा वाढदिवसाचे म्हणून जास्तीचे पैसे आले त्यातनं आज्जीनं एक पाट, म्हणजे तरणी शेळी, घेतली, तिच्या करडांवर पुढं घरात बरंच भागलं. पण खरं काम केलं ते संस्थेच्या ताईंनी. दोन दिवस शाळेत दिसले नाही की तिसऱ्या दिवशी त्या दारात हजर. सातवीनंतर वडील मला फडात न्यायचं म्हणत होते तेव्हा त्या दिवेलागणीपर्यंत आमच्या सोप्यात बसून होत्या, म्हणाल्या, "दादा, हिचा रिपोर्ट मला दरवर्षी पाठवायचा असतो, यावेळी काय लिहू तुम्हीच सांगा." वडील काही बोलले नाहीत. आज्जी म्हणाली, राहूदे तिला माझ्याजवळ. झालं, मी राहिले.

२०१३ ला ब्रूस वायडिक हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, मुलांना स्पॉन्सर मिळवून देणाऱ्या कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेच्या सहा देशांतल्या कामावर, त्यात भारतही होता आणि १० हजारांवर लोकांची माहिती घेतली होती. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं त्यात निघालं. वाचताना कुणाला वाटेल एवढंच होय, पण आमच्याकडं पोरीची शाळा सुटते ती एखाद्या वर्षातच सुटते, ते वर्ष धरून ठेवलं की पुढची दोन-तीन वर्षं मागनं येतात. परदेशी पैशांचे नियम कडक झाल्यावर कम्पॅशनचं इथलं काम २०१७ मध्ये बंद पडलं, त्यामुळं आता आपल्याच लोकांनी हे करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि आपल्या भागाला हे नवीन पण नाही, कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते.

आता तक्रार. वर्षातनं एकदा फोटो काढायचे, भिंतीला उभं करून, हातात नंबर लिहिलेली पाटी. त्या दिवशी मी चुलत बहिणीचा फ्रॉक मागून आणायचे. पत्र लिहायला बसवलं की सांगायचे, चांगलं चांगलंच लिही, आजारपण, पाणी नाही असलं काही नको. त्या बाईंची पत्रं मात्र खरी असायची, त्यांच्या मांजराबद्दल, बर्फाबद्दल, खाली कुणीतरी निळ्या पेननं मराठीत लिहिलेलं असायचं. आठवीत ती पत्रं थांबली. सहा महिन्यांनी दुसऱ्याच नावाचं कार्ड आलं. का, ते कुणी सांगितलं नाही. मला सहामाहीला गणितात ३५ पैकी ११ पडले होते, मला वाटलं त्यांना ते कळलं म्हणून त्यांनी मला सोडलं. हे मी किती वर्षं मनात धरून होते कुणाला माहिती नाही, आज्जीलाही नाही. त्यांचं वय झालं असेल, नोकरी गेली असेल, काहीही असेल, पण दोन ओळी आल्या असत्या तर एवढं लागलं नसतं.

आत्ताच्या संस्थेचा १४ महिन्यांचा अनुभव एकंदरीत चांगला आहे. पत्र पोचायला दीड-दोन महिने लागतात, हे सुधारायला पाहिजे. मुलीचा फोन नंबर, पत्ता देत नाहीत, परस्पर भेटू देत नाहीत, यावर लोक चिडतात, पण ते मुलांच्या सुरक्षेसाठी आहे आणि बरोबरच आहे. ८०-जी ची, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये सवलत घ्यायची पावती मिळते, सवलत फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत आहे हे लक्षात ठेवा. या मुलीला वडील नाहीत, तर संस्थेच्या कार्यकर्त्यानं तिच्या आईबरोबर फेऱ्या मारून सरकारच्या बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरला, महिना २,२५० रुपये त्यातनं येतात. माझ्या ८०० पेक्षा ते जास्त आहेत, पण तो फॉर्म भरायला माणूस लागतो आणि त्या माणसाच्या पगाराला आपले पैसे लागतात. "सगळा पैसा मुलालाच का नाही" विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

दहाव्या महिन्यात माझी नोकरी सुटली, दोन महिने पगार नाही. संस्थेत फोन केला, त्या मॅडम म्हणाल्या काळजी करू नका, तिचं काही थांबणार नाही, जमेल तेव्हा सुरू करा. मी म्हटलं ते ठीक, पण मला तिला पत्र पाठवायचंय. एका पानावर लिहिलं की ताईची नोकरी गेलीय, थोडे दिवस पैसे येणार नाहीत, यात तुझं काही चुकलेलं नाही, तुझे मार्क मला माहितीही नाहीत. शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता.

तिचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं, वहीचा फाडलेला कागद, समासाची लाल रेघ वाकडी. शेळीला दोन करडं झाली, एक काळं एक तांबडं, मग लिहिलंय, "ताई तुमची नोकरी लागली का, नाही लागली तर आमच्या शाळेत शिपाईची जागा आहे." नोकरी लागलीय, पैसे पण परत सुरू झालेत. तिला कळवायचं राहिलंय, आज नाईट ड्युटीला जाताना पत्र टाकते.