आठ महिने ई-रीडरवर कादंबऱ्या वाचल्यानंतर

आठ महिन्यांत या 6 इंची पडद्यावर 19 कादंबऱ्या वाचून झाल्या, तीन अर्ध्यात सोडल्या. घेताना काळजी होती डोळ्यांची. ती पहिल्याच आठवड्यात मिटली. ई-शाईचे काळे-पांढरे कण पान उलटतानाच जागा बदलतात, एरवी गप्प बसून असतात. म्हणून चार्जिंगही तीन-तीन आठवडे पुरतं. खरा फरक पडला तो मी कादंबरी कशी वाचतो यात, आणि तो अजून पुरता पचलेला नाही.

दस्तयेवस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) पूर्वी दोनदा हातात घेऊन ठेवून दिली होती. नावांमुळे. एकच माणूस कधी रोदिऑन रोमानोविच, कधी रास्कोलनिकोव, आईच्या तोंडी रोद्या. इथे नावावर बोट दाबून धरलं की ते आधी कुठे आलंय ते दिसतं, पाहून परत फिरायचं. खून पहिल्या भागाच्या शेवटालाच उरकतो, कादंबरीचे भाग सहा आणि वर उपसंहार. पडद्याच्या तळाशी किती वाचून झालं ते टक्क्यांत दिसतं, तिथे बघतो तर ऐंशी टक्क्यांच्या वर मजकूर बाकी! आता एवढं काय सांगायचं उरलंय, या उत्सुकतेनंच पुढे वाचत गेलो. छापील प्रतीची जाडी बघून मात्र मी पुस्तक मिटलं होतं. मूळ कादंबरी मासिकातून क्रमशः आली होती, आणि ते जाणवतं: प्रकरण संपता संपता दार उघडतं नि उंबऱ्यात कुणीतरी उभं असतं. उपसंहार काही मला पटला नाही. इतकी पानं स्वतःशी भांडलेला माणूस शेवटी फार लवकर निवळतो.

मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'पुढे मात्र यंत्रानं हात टेकले. कर्नलच्या 17 मुलांची नावं ऑरेलियानो, खुद्द कर्नलही ऑरेलियानो. शोधून काय कपाळ मिळणार? सुरुवातीची वंशावळ म्हणजे एक करडं, बारीक चित्र, मोठं केलं की अर्धं घराणं पडद्याबाहेर. कागदी पुस्तकात त्या पानात बोट अडकवून ठेवता येतं. शेवटी वहीच्या पानावर स्वतःच वंशावळ काढली, ती अजून कव्हरच्या खिशात आहे. कादंबरी जबरदस्त आहे, पण ती पुन्हा वाचेन ती कागदावरच.

मराठीची रडगाणी वेगळी. शब्दकोशाला 'घोडा' कळतो, 'घोड्यावरून' कळत नाही. आणि आपलं अर्धं वाक्य प्रत्ययांवर चालतं. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात लांब शब्द पुढच्या ओळीत ढकलला जातो आणि मागच्या ओळीत दात पडल्यासारख्या फटी उरतात. स्कॅन केलेली पीडीएफ या आकारावर वाचायच्या भानगडीत पडू नका.

पण माझी मुख्य तक्रार त्या टक्क्यांबद्दलच आहे. एका रहस्यकथेत 90 टक्क्यांच्या आसपास खुनी कबुली देतो. अजून एक कलाटणी यायला जागा आहे, या हिशेबानं मी ती कबुली खोटी धरून वाचत होतो. कादंबरी 91 टक्क्यांवर संपली. उरलेल्या भागात आभार आणि लेखकाच्या पुढच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण! दोन दिवस मी त्या लेखकाला नावं ठेवत होतो. नंतर लक्षात आलं, त्यानं शेवट चोख केला होता, मीच वेगळ्या शेवटाची वाट बघत बसलो होतो. त्या रात्री टक्के बंद केले. आता शेवट कधी येतो ते कळतच नाही, तेही काही बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) मुद्दाम कागदावर वाचली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि हर्टा, आणि दोघांच्या हातात प्रवासापुरतेच दिवस. इकडे माझ्या उजव्या अंगठ्याखालची पानंही सरत चाललेली. शेवटची दहा पानं दुसऱ्या दिवसावर टाकली.