आज कुठला लागलाय? फ्रिजवरच्या फळ्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून १२० रुपयांना आणलेला चुंबकाचा छोटा पांढरा फळा जानेवारीपासून आमच्या फ्रिजवर आहे. त्यावर एवढंच लिहायचं: या आठवड्यात आपल्या घरी काय लागलंय. ओटीटीवर जाणारा वेळ आवरायला मी आधी बरंच काय काय करून पाहिलं होतं. टिकला तो हा फळा, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शाहूपुरीतल्या एका सहकारी बँकेत आहे, घर मंगळवार पेठेत. ओटा पुसून होईस्तोवर दहा वाजतात. सव्वादहा ते साडेअकरा हा काय तो माझा वेळ. गेल्या डिसेंबरात, बँकेतली सवय म्हणून, एक आठवडा वहीत नोंद ठेवली. सात रात्रींत टीव्ही साडेनऊ तास चालू होता आणि त्यातले दोन तास दहा मिनिटं नुसती पोस्टरं सरकवण्यात गेली होती. हे बघूया का, नको, ट्रेलर बघू, हे जरा जड वाटतंय, असं करत करत अकरा वाजायचे. मग कंटाळून आधी पाहिलेलंच काहीतरी लावायचं. दोन रात्री तर मी उठणारच होते, तेवढ्यात पुढचा भाग आपसूक सुरू झाला आणि झोपायला सव्वा वाजला. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं. ते काही माझ्यासाठी थांबत नाही.

फळ्याची कल्पना खरी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. वय ७६, उभी हयात कोल्हापूरच्या टॉकीजमध्ये सिनेमे बघण्यात गेली. १९२९ साली प्रभात कंपनी इथंच सुरू झाली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली, याचा त्यांना अजून राग आहे. जेवण झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कुठला लागलाय गं?" मी म्हणायचे, "अण्णा, सगळेच लागलेत." एका रात्री ते वैतागून म्हणाले, "सगळे लागलेत म्हंजे एक बी लागला न्हाई," आणि झोपायला गेले.

त्या रात्री माझ्या डोक्यात उजेड पडला. टॉकीजला जाताना कुठला सिनेमा हे घरातूनच ठरवून निघायचं. तिथं दारात उभं राहून चाळीस सिनेमांची पोस्टरं कुणी चाळत नव्हतं. आणि खेळ संपला की डोअरकीपर बाहेर काढायचा. घरातल्या टीव्हीला हे दोन्ही नाही.

म्हणून शुक्रवारी जेवणं झाल्यावर पाच मिनिटांत आठवड्याचं ठरवतो. शुक्रवार अण्णांच्या हट्टानं, कारण नवा सिनेमा शुक्रवारी लागतो. चार माणसं, एकेका आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याचं चालतं, बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. आमच्या ह्यांनी एकदा मारधाडीचा दक्षिणेकडचा सिनेमा लावला, तो मी मुकाट्यानं पाहिला. नंतर थोडा आवडलाही, पण ते त्यांना सांगितलेलं नाही.

नावाशेजारी एकूण वेळ लिहायचा, हा माझा नियम. आठ भागांची मालिका, प्रत्येक भाग पाऊण तासाचा, म्हणजे सहा तास. माझ्या सव्वा तासाच्या हिशेबानं जवळपास पाच रात्री. ट्रेलर बघताना हा आकडा कुणाच्या डोक्यात येत नाही. फळ्यावर "६ तास" दिसलं की माणूस विचार करतो. तीन-तीन सीझनच्या दोन मालिका नुसत्या या आकड्यापायी बाद झाल्या आणि आजवर कुणाला त्यांची आठवण झालेली नाही.

आता ऑटोप्लेबद्दल. नेटफ्लिक्सवर तो बंद करता येतो: ब्राउझरमधून खात्यात जायचं, प्रोफाइल निवडायचं, प्लेबॅक सेटिंगमध्ये दोन खुणा आहेत, पुढचा भाग आपोआप लागण्याची एक आणि पोस्टरवर थांबलं की चालू होणाऱ्या झलकीची दुसरी. दोन्ही काढायच्या. ही सेटिंग प्रत्येक प्रोफाइलला वेगळी असते हे मला महिन्यानं कळलं, तोवर मुलाच्या प्रोफाइलवर सगळं धो धो चालूच होतं. यूट्यूबला व्हिडिओच्या पट्टीवरच ऑटोप्लेचं बटण आहे. आम्ही वापरतो त्या आणखी एका ॲपच्या टीव्हीवरच्या आवृत्तीत मला असं काही सापडलंच नाही. तिथं रिमोट हातात धरूनच बसावं लागतं.

पण ऑटोप्ले बंद करून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं भागाच्या शेवटी असतं. दार उघडतं, कुणीतरी उभं असतं, काळोख. अशा जागी उठायला संन्याशाचं मन पाहिजे. यावर मला जी युक्ती सापडली ती या अनुभवातली सर्वांत कामाची गोष्ट आहे: भाग संपल्यावर थांबायचंच नाही. पुढच्या भागाची सात-आठ मिनिटं बघायची आणि मग बंद करायचं. दारात कोण होतं ते तेवढ्यात कळतं, पेच सुटतो आणि गोष्ट जरा सपाटीवर येते. तिथं टीव्ही बंद करताना काही तुटत नाही. आता मी भागाच्या मध्यावरून मध्यापर्यंत बघते. मुलाला हे विचित्र वाटतं. वाटू दे.

हिंदी-मराठी सिनेमाची सोय तर आपल्याकडे आधीपासून आहे. ओटीटीवर बऱ्याचदा "मध्यंतर" ही पाटी क्षणभर चमकून जाते, तिथंच थांबायचं. अडीच तासांचा सिनेमा दोन रात्रींत बरोबर बसतो. शिवाय दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पुढं काय होईल यावर अण्णांशी वाद घालता येतो. इंग्रजी सिनेमाला मध्यंतर नसतं, तिथं घड्याळ बघूनच थांबावं लागतं आणि ते जमतंच असं नाही.

पैशाचं थोडक्यात. आधी तीन ॲपांचे पैसे एकदम जायचे, आता एका वेळी एकच, तेही महिन्याचंच. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा फक्त मोबाइलवरचा प्लॅन १४९ आणि टीव्हीवर चालणारा सर्वांत स्वस्त १९९ रुपयांवर आला. बंद केलं तरी काय पाहिलं याची नोंद काही महिने राहते, म्हणून महिनाभर सोडून परत आलं तर काही बिघडत नाही. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण एकदा घेतला की "पैसे भरलेत तर बघून घेऊ" सुरू होतं. एका ॲपनं माझे वर्षाचे पैसे परस्पर कापले होते. बँकेत असून माझं लक्ष नव्हतं, ही त्यातली लाज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशी रक्कम कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येते. मलाही आली होती, मी ती जाहिरात समजून पुसली. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन जुनी परवानगी काढता येते, ती आता दर महिन्याला तपासते.

आता जिथं फळा हरला ते. आयपीएलच्या दोन महिन्यांत त्यावर संघांची नावं आणि पैजा होत्या, बाकी काही नाही. पावसाळ्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, तेव्हा अण्णांनी सगळं पुसून मोठ्या अक्षरात पाण्याची पातळी लिहायला घेतली. तासातासाला नवा आकडा, शेजारी "धोका ४३". त्या आठवड्यात आमच्या घरी तोच एक सिनेमा लागला होता.

रील्सवर याचा काडीचा उपयोग नाही. मुलगा दहावीला आहे. त्याच्या मोबाइलमध्ये डिजिटल वेलबीइंग या फोनमधल्याच सोयीतून रील्सच्या ॲपला दिवसाला पाऊण तासाची मर्यादा घातली. वेळ संपला की ॲप करडं पडतं, पण तीच मर्यादा दोन टिचक्यांत उठते. वर मोजणी मध्यरात्री पुन्हा शून्यापासून सुरू होते. बारा वाजून एक मिनिटाला गडी ताजा कोटा घेऊन बसलेला मी स्वतः पाहिलाय. आता मोबाइल रात्री दहाला हॉलमध्ये चार्जिंगला लागतो. यावर रोज कुरबूर होते.

डब्याच्या वेळी बँकेत सगळ्या एखाद्या नव्या मालिकेबद्दल बोलत असतात, तेव्हा मी गप्प बसते. ती आमच्या फळ्यावर येईपर्यंत त्या पुढच्या मालिकेवर गेलेल्या असतात. सुरुवातीला हे फार लागायचं. अजूनही थोडं लागतं.

सप्टेंबरात परत आठवडाभर नोंद ठेवली: साडेपाच तास, निवडण्यात शून्य. दोन रात्री टीव्ही लागलाच नाही. एका रात्री आम्ही दोघं रंकाळ्यावर फेरी मारून आलो, दुसऱ्या रात्री मी दहा वाजताच झोपले. एकदा मात्र पाच भाग सलग बघून दोन वाजवले, तेही वहीत आहे.

फळ्याबरोबर मिळालेला मार्कर तीन महिन्यांत वाळला, दुसरा वेगळा घ्यावा लागतो. या शुक्रवारी पाळी अण्णांची होती. त्यांनी एक जुना कृष्णधवल सिनेमा लिहिलाय आणि खाली पेन्सिलीनं "मध्यंतरात भडंग".