कॅम्परसोबत स्कूटी नेण्याचा १४ महिन्यांचा अनुभव : आधी मागे लावली, मग आत घेतली

हे लिहायला मुद्दाम थांबलो होतो. पहिल्या तीन-चार ट्रिपनंतर लिहिलं असतं तर गाडीच्या मागे स्कूटी लावायच्या कॅरियरचं भरभरून कौतुक केलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं, आणि कुणी ते वाचून तसाच कॅरियर बनवून घेतला असता तर मला वाईट वाटलं असतं. आता १४ महिने झाले, पावसाळा, उन्हाळा, घाट, कोकण सगळं करून झालं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

गाडी म्हणजे आमचा कॅम्पर (आत बिछाना, गॅस असलेली राहायची गाडी), फोर्स ट्रॅव्हलर, सेकंडहँड, ३३५० वाली (म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३.३५ मीटर), आरसीवर मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंद आहे. घर नाशिकला गंगापूर रोडला. फिरणारे आम्ही दोघंच, मी आणि बायको, दोघंही नोकरीतून मोकळे झालोय.

स्कूटी कशाला, असं सगळेच विचारतात. एवढी मोठी गाडी असताना? तर मोठी आहे म्हणूनच. कॅम्पर एकदा सपाट जागा बघून उभा केला, ओनिंग (बाजूचं कापडी छत) काढलं, खुर्च्या मांडल्या, आणि मग लक्षात आलं की दूध संपलंय, की सगळं परत आवरून निघायचं, आणि आल्यावर ती जागा मिळेलच असं नाही. दुसरं म्हणजे रस्ते. भंडारदऱ्याला शेंडीत गाडी लावून पुढे रतनवाडीच्या अमृतेश्वराला जायचं तर धरणाच्या कडेचा तो अरुंद रस्ता, समोरून एक जीप आली तरी कुणी मागे घ्यायची हा प्रश्न, आणि काजव्यांच्या दिवसात तर विचारूच नका. कोकणात केळशी, आंजर्ले, गुहागर इकडे वाड्यांच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून ज्या पाखाड्या (अरुंद वाटा) जातात तिथं ट्रॅव्हलर घालणं म्हणजे आरसे काढून ठेवणंच. आणि कोकण कशाला, आमच्या नाशकातच भद्रकाली, सराफ बाजार, रामकुंडाची बाजू इथं कोण नेणार एवढी गाडी.

एक मात्र सांगतो, टू-व्हीलर असली म्हणजे सगळीकडे जाता येतं असं नाही. सप्तशृंगी गडावर चैत्रात आणि नवरात्रात खाजगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीनंच जायचं, तिथं आमची स्कूटी तशीच उभी राहिली.

निवडताना बराच खल केला. अ‍ॅक्टिव्हा घरात होतीच पण ती १०५ किलोच्या वर जाते. टीव्हीएसची एक्सएल १०० मोपेड हलकी, नव्वदच्या आत, आणि सामान ठेवायला पुढे छान जागा, पण लांबीला जास्त आणि बायकोला ती चालवायला आवडली नाही. २५ किमी वेगाच्या त्या बिनरजिस्ट्रेशनच्या इलेक्ट्रिक स्कूटर बघितल्या, २५० वॅटची मोटर, सपाटीवर ठीक आहे, पण आम्ही जातो ती निम्मी ठिकाणं चढाची, दोघं बसून घाटात ती चढणार नाही हे चालवून बघितल्यावर लगेच कळलं. शेवटी टीव्हीएस स्कूटी पेप प्लस घेतली, २०२१ ची, सेकंडहँड. ८७.८ सीसी, वजन ९३ किलो, लांबी १.७३ मीटर. चढाला दोघांना घेऊन हळू जाते पण जाते, आणि मुख्य म्हणजे आमच्या दोघांपैकी कुणालाही ती एकट्यानं सावरता येते. माझ्या मते हा मुद्दा सीसीपेक्षा मोठा आहे.

आता कॅरियर. चौकशी केली, एका फॅब्रिकेटरनं मागच्या चासीला पकडून लोखंडी चॅनलचा कॅरियर बनवून दिला, स्कूटी आडवी उभी राहते असा. दिसायला दणकट, मी वर उभा राहून उड्या मारून बघितल्या, हललासुद्धा नाही. कॅरियरचं वजन ३८ किलो. म्हणजे एकूण १३१ किलो, आणि माझ्या डोक्यात हिशोब असा की दोन माणसं जास्त बसली तर एवढं वजन होतंच, त्यात काय.

पण पहिल्याच ट्रिपला कसारा घाट चढून परत येताना स्टेअरिंग हलकं वाटायला लागलं. वळणावर गाडी जरा उशिरा वळतेय असं. आणि रात्री समोरचे सगळे डिपर मारत होते, मला कळेना की लो बीमवर असूनही काय झालं, तर मागची बाजू खाली बसल्यामुळे हेडलाइटचा झोत वर गेला होता. मग आडगावला वजनकाट्यावर गेलो आणि पुढची चाकं वेगळी, पूर्ण गाडी वेगळी, असं स्कूटीसकट आणि स्कूटीशिवाय दोन्ही वजनं करून घेतली. स्कूटी लावल्यावर मागच्या एक्सलवर (म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर) २१० किलो वाढले आणि पुढच्यावरचे ८० किलो कमी झाले!

काट्यात गडबड नाही, साधा तरफेचा हिशोब आहे, लहान मुलांचा सीसॉ असतो ना तसा. मागचं चाक हा टेकू. स्कूटीचा मध्य मागच्या एक्सलपासून २.१ मीटर मागे. १३१ ला २.१ नं गुणायचं आणि व्हीलबेसनं म्हणजे ३.३५ नं भागायचं, ८२ येतात. तेवढं वजन पुढची चाकं सोडून देतात आणि ते सगळं, अधिक स्कूटी, अधिक कॅरियर, मागच्या चाकांवर येतं. हे गाडी उभी असतानाचं. खड्ड्यात आपटली की क्षणभर त्याच्या कितीतरी पट. पुढची चाकं म्हणजे आपलं स्टेअरिंग आणि बराचसा ब्रेक, तिथलं वजन कमी करून घाट उतरायचा हे मला पटेना. तरी कॅरियर नवा होता, पैसे गेले होते, म्हणून मागच्या टायरची हवा कंपनीनं दिलेल्या चार्टप्रमाणे लोडची केली, पाण्याची ८० लिटरची टाकी मागून काढून ड्रायव्हर सीटच्या मागे आणली, हेडलाइट खाली केले. फरक पडला. पूर्ण नाही पडला.

बाकीचे त्रास लहान वाटतात पण रोजचे आहेत. गाडीच्या मागे धूळ ओढली जाते, सपाट पाठीच्या गाडीला तर फारच, त्यात डिझेलचा धूर, त्यामुळे मुक्कामाला पोचलो की स्कूटी ओळखू यायची नाही. दोन हजार किलोमीटरमध्ये एअर फिल्टर काळा झाला. म्हणून ताडपत्रीचं कव्हर घातलं तर ते वाऱ्यानं फडफडून हँडलजवळचा रंगच घासून निघाला. मागचा कॅमेरा बंद. टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाते म्हणून वेगळी पट्टी, वेगळी वायरिंग, ती पावसात दोनदा गेली. आणि जे मला सगळ्यात जास्त खटकत होतं ते म्हणजे मागचा दरवाजा उघडत नाही. आत गॅस आहे, बिछाना आहे, दोन माणसं झोपतात, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता आपणच स्कूटी लावून बंद करतो.

निर्णय झाला तो बागमांडल्याच्या जेटीवर. आम्ही पनवेल-माणगाव करत हरिहरेश्वरला गेलो होतो, तिथून फेरीनं वेश्वी, मग केळशी-आंजर्ले-दापोली, पुढे दाभोळ-धोपावे फेरी करून गुहागर असा बेत. बागमांडल्याला भरपूर ओहोटी होती. जेटीचा उतार खाली जातो आणि बोटीची फळी पुढे वर चढते, मध्ये खोलगट भाग तयार होतो. पुढची चाकं फळीवर गेली, मागची चाकं खोलगटात आली आणि कॅरियर मागच्या काँक्रीटवर टेकला, असा आवाज झाला की बायको ओरडलीच. बोटीवरच्या दादानं हात करून थांबवलं, दोन जण वाकून बघायला आले, म्हणाले, "काका, भरती येऊ दे, नायतर स्कूटर काढा, आधी ती नेऊ." स्कूटी काढली, बायकोनं ती चालवत बोटीवर नेली, कॅरियर घासतच गाडी वर चढली. वेश्वीला उतरून बघितलं तर उजव्या बाजूच्या वेल्डिंगच्या शेजारी केसाएवढा तडा. तो त्या घासण्यानं गेला की आधीच्या खड्ड्यांनी, सांगता येत नाही, पण तो तसाच राहून मुंबई-आग्रा हायवेवर ९३ किलोची स्कूटी मागच्याच्या अंगावर सुटली असती तर? उरलेली सगळी ट्रिप बायको स्कूटीवर पुढे आणि मी मागे कॅम्पर घेऊन, अशी केली. घाट आला की स्कूटीला दम लागायचा, थांबत थांबत गेलो.

घरी आल्यावर कायद्याचं पण नीट वाचलं, जे आधी वाचायला पाहिजे होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली त्यात माल गाडीच्या बाजूला, पुढे, मागे परवानगीपेक्षा बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे, कलम १९४ मध्ये. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर कलम ५२ लागतं, आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. युरोपातल्या व्हिडिओमध्ये मागे स्कूटर लावलेले कॅम्पर सर्रास दिसतात, पण त्यांच्याकडे त्या रॅकला वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि काही कॅम्परला तर मागे 'गॅरेज' म्हणून बंद कप्पाच असतो. आपण रॅक तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

म्हणून गॅरेज. मागचा बिछाना काढून १.१५ मीटर उंचीवर नवा केला, त्याच्या खाली स्कूटी उभी, पुढचं चाक आधी आत, आरसे काढून. आता स्कूटीचा मध्य मागच्या एक्सलपासून जेमतेम ४० सेंटीमीटर मागे येतो, म्हणजे पुढच्या चाकांवरून फक्त ११ किलो जातात. आधी ८२, आता ११! पहिल्यांदा कसारा उतरलो तेव्हा बायको शेजारी बसून म्हणाली, आता गाडी आपली वाटते. मला पण तेच वाटत होतं.

रॅम्पबद्दल (स्कूटी आत चढवायची तिरकी फळी) थोडं लिहितो कारण इथं लोक हमखास चुकतात. आमची फरशी जमिनीपासून ७० सेंटीमीटर. दीड मीटरचा रॅम्प स्वस्त आणि ठेवायला सोपा, पण त्यावर ९३ किलोची स्कूटी ढकलायला ४३ किलोचा जोर लागतो. २.१ मीटरचा घेतला तर ३१ किलो. आम्ही २.१ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला, दोन घड्यांचा. इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर देत चढवायचा प्रयत्न कधीच करू नका, गिअरलेस गाडीचा क्लच एकदम पकडतो आणि ती उडी मारते. आम्ही आत फरशीला हँड विंच (हँडल फिरवून दोर ओढायचं साधन) बसवलाय, मी हँडल फिरवतो, बायको बाजूनं स्कूटी सरळ धरते आणि मागच्या ब्रेकवर बोट ठेवते. चढवायला सात-आठ मिनिटं, उतरवायला पाच. रॅम्पचं वरचं टोक गाडीला पट्ट्यानं बांधायचंच, नाहीतर चाकाच्या धक्क्यानं तो मागे सरकतो.

बांधायला चार रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचे पट्टे). हूक प्लास्टिकला किंवा मागच्या धरायच्या दांडीला लावू नका, पुढे हँडलच्या खालच्या लोखंडी दांड्याला मऊ पट्टी घालून, मागे चासीला. सस्पेन्शन निम्मंच दाबायचं. पूर्ण दाबून बांधलं की फोर्कचं ऑइल सील जातं, आमचं एक गेलं. मेन स्टँडवर उभी करायची नाही, दोन्ही चाकं खाली, पुढचं चाक खाचेत. आणि निघाल्यावर १५-२० किलोमीटरवर थांबून बेल्ट बघायचे, एकदा तरी ढिले होतातच. आम्ही नाशकातून कुठल्याही दिशेनं निघालो तरी पहिला चहा याच हिशोबानं ठरलेला असतो.

आता आत घेतल्याचा खरा प्रश्न, पेट्रोल. यात अजिबात कंजूषी करू नका. पेट्रोलची वाफ आणि आपला एलपीजी, दोन्ही हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साचतात. म्हणून स्कूटीचा कप्पा प्लायवूड आणि रबर पट्टीनं राहायच्या भागापासून पूर्ण बंद केला, त्याच्या फरशीलाच दोन जाळीची भोकं बाहेर काढली, ५ किलोचा सिलिंडर गाडीच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या वेगळ्या पेटीत, तिलाही खाली भोक. इन्व्हर्टर आणि फ्रीज कप्प्याच्या बाहेर, ठिणगी पडेल असं आत काहीच नाही. गॅस डिटेक्टर खाली, फरशीजवळ. स्कूटीची टाकी ४.२ लिटरची आहे, प्रवासात एक लिटरच्या आत ठेवतो आणि मुक्कामाच्या गावात भरतो. आणि रात्री झोपताना स्कूटी बाहेर, लॉक करून, कितीही पाऊस असला तरी. बिछान्याखाली पेट्रोल ठेवून आम्ही एकही रात्र झोपलो नाही.

गमावलं काय, तर बिछान्यावर आता ताठ बसता येत नाही, डोकं लागतं, त्यामुळे वाचायचं असेल तर पुढच्या सीटवर यावं लागतं. बायकोचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी दोन पायऱ्यांचं स्टूल केलंय तरी रात्री उठायचं तिला जड जातं, हे मला रोज दिसतं आणि यावर अजून चांगला उपाय सापडला नाही. खाली जे सामान मावायचं ते निम्मं कमी केलं.

खर्च सांगायचा तर कॅरियर १९ हजार, ते गेलेच. बिछाना, कप्पा, विंच आणि रॅम्प मिळून ४१ हजार. कागदपत्रं दोन्ही गाड्यांची ठेवा, इन्शुरन्स, पीयूसी, आणि टू-व्हीलरचं लायसन्स वेगळं असतं, नुसतं कारचं लायसन्स असून चालत नाही. हेल्मेट दोन, ती कुठे ठेवायची याची जागा आधीच ठरवा.

कुणी बनवून घेणार असेल तर आधी रिकामी गाडी काट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा करून घ्या आणि तो कागद घेऊनच फॅब्रिकेटरकडे जा. अ‍ॅक्टिव्हावाल्यांनी बिछान्याची उंची हँडल मोजूनच ठरवा, माझा १.१५ चा आकडा तसाच उचलू नका.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रॅम्पच्या दोन घड्या रस्त्यावर एकमेकींवर आपटतात आणि खडखड येते, सायकलची जुनी ट्यूब कापून मध्ये घातलीये, आवाज कमी झालाय, गेला नाही. कुणी काही केलं असेल तर सांगा.