मेरशॉम की ब्रायर: एकच पाईप घ्यायचा असेल तर

शाहूपुरीतला एक मित्र वीस वर्षं सिगारेट सोडतोय. आता म्हणतो, पाईप घेणार, एकच, आणि तोही तुर्कस्तानचा पांढरा, कोरीव मेरशॉम. पाईप ओढला म्हणजे तोंडा-घशाच्या कॅन्सरची भीती गेली, ही त्याची समजूत आधी काढून टाकली. मग विषय निघाला निगेचा.

मेरशॉम हा दगड आहे, सेपिओलाइट नावाचं खनिज. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. नावाजलेला माल तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा. तिथले कारागीर तो ओला असताना कोरतात, वाळवतात आणि मधमाशांच्या गरम मेणात बुडवतात. त्याची सगळी पथ्यं यातच आली. पाण्याने मऊ पडतो, म्हणून नळाखाली धरायचा नाही. मेण उष्णतेने सैल होतं, म्हणून तंबाखू भरायच्या तापलेल्या वाटीला बोट लावायचं नाही, दांडीला धरायचं. नाहीतर ओढता ओढता पांढऱ्यावर मधाळ रंग चढतो, त्यात ठसे राहतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची मुळाजवळची गाठ. लाकूडच ते, त्यामुळे स्वभाव वेगळा.

खरा फरक काजळीत आहे. ब्रायरला ती हवी असते: सुरुवातीला अर्धी वाटी भरून ओढत आतून साधारण एक मिलिमीटरचा थर जमवायचा, जास्त झाला की खरवडायचा, कारण जाड थर तापून फुगला तर लाकूड तडकतं. मेरशॉमला पहिल्या दिवसापासून पूर्ण भरा, पण थर धरू देऊ नका. राख झाडली की कागदी नॅपकिनची गुंडाळी आत फिरवायची. चाकू अजिबात नाही. तोंडात धरायची नळी काढताना दोन्हींचा नियम एकच, पाईप गार झाल्यावर. मेरशॉममध्ये नळी दांडीला जोडणारी खुंटी बहुधा प्लास्टिकची, आटे पाडून बसवलेली असते. नळी उलटी पिळली तर ती खुंटीच सुटून येते, म्हणून काढताना-घालताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवा.

दोन्हींना पाईप क्लीनर लागतो. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणाऱ्या रंगीत केसाळ तारा घेऊ नका. त्यांचा धागा बहुतेक कृत्रिम, ओल शोषत नाही. सुती मागवा.

आता आपला पाऊस. ब्रायरला एकदा ओढल्यावर निदान दिवसभर विश्रांती लागते, आतली ओल सुकायला. जुलैत दारामागच्या कोल्हापुरी चपलेला बुरशी येते, तिथे लाकडाचं काय सांगावं? रोज ओढणाऱ्याला ब्रायर दोन तरी हवेत. मेरशॉम ओल पिऊन घेतो, सलग दोनदा ओढला तरी कुरकुरत नाही. किमतीचा हिशेब करताना हे धरा. मेणाची चमक गेली तर पुन्हा लावता येतं. मी पाटगावकडून मधाबरोबर मेणही मागवलं होतं. मेणबत्तीचं मेण मात्र नको.

घेताना एक सांभाळा. चुऱ्यात चिकटद्रव्य घालून दाबून केलेले पाईपही मेरशॉम म्हणूनच खपतात. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने अखंड दगडाचा म्हणून असाच एक गळ्यात मारला. वजनाला जड, आणि वर्ष झालं तरी रंग नाही. विकणाऱ्याला ‘अखंड दगडाचा का?’ असं लेखी विचारा.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग मेरशॉमच घ्यावा. हात शांत असेल तर खुशाल घ्या. ब्रायर पडला तर पोचा येतो, नळी फार तर मोडते. मेरशॉम शहाबादी फरशीवर पडला की तुकडे गोळा करायचे. आमचा मित्र राजकारणावर बोलायला लागला की दोन्ही हात हवेत असतात. गेल्या वर्षी असाच एक चष्मा फुटला. त्याला दोन साधे ब्रायर सांगितलेत.