पीएलबी बीकन : पावसाळा ते उन्हाळा वापरून पाहिल्यावर

अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी हे किल्ले आणि पितळखोऱ्याची लेणी. कन्नड-सोयगावच्या या पट्ट्यात मी पोरांना घेऊन बारा महिने फिरतो. गौताळ्याच्या दऱ्यांत उतरलं की कुठलीच रेंज मिळत नाही, मग ११२ तरी कसा लागणार? म्हणून पीएलबी घेतला, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारा छोटा बीकन.

घेण्याआधी प्रकार नीट समजून घ्या, कारण विकणारेही गोंधळ घालतात. ईएलटी विमानात असतो, आदळल्याच्या धक्क्याने आपोआप सुरू होतो. ईपीआयआरबी बोटीचा. त्यातला आपोआप सुटणारा प्रकार बोट बुडाली की पाण्याच्या दाबाने मोकळा होऊन वर येतो आणि किमान ४८ तास चालतो. पीएलबी माणसाने अंगावर बाळगायचा, स्वतःच्या हाताने सुरू करायचा. तो किमान २४ तास चालतो. तिन्हींचा संदेश ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांकडे जातो. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना बीकन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकत नाहीत; आता ती जवळ पोचलेल्या शोधपथकाला दिशा सापडायला उपयोगी पडते, एवढंच.

माझ्या मते यंत्रापेक्षा नोंदणी मोठी. प्रत्येक बीकनमध्ये देशाचा कोड भरलेला असतो. एका विक्रेत्याने परदेशी कोडचा बीकन पुढे केला, तो मी घेतला नाही. भारताचा कोड ४१९ आणि नोंदणी बंगळुरूला, इस्रोच्या केंद्रात. संदेश आला की नोंदवलेल्या नंबरवर फोन जातो. तिथे मी धाकट्या भावाचा नंबर दिलाय, आणि निघताना कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार हे त्याला सांगूनच निघतो. कारण पीएलबी फक्त कोण आणि कुठे एवढंच कळवतो. पाय मोडलाय की साप चावलाय, हे त्यातून कळत नाही.

अँटेना म्हणजे पोलादी पट्टी, सुताराच्या टेपसारखी गुंडाळलेली. ती एका हाताने उलगडायचा सराव मी सगळ्यांकडून करून घेतला, तोही संदेश सुरू करणाऱ्या बटणाला हात न लावता. बीकनमधल्या जीपीएसची चाचणी अंतूरच्या माथ्यावर पटकन झाली. पितळखोऱ्याच्या घळीत मात्र दोन्हीकडे कडे, आभाळाची नुसती चिंचोळी पट्टी दिसते. तिथे बराच वेळ लागला. म्हणून जखमी माणूस हलवता येत नसेल तरी बीकन उघड्यावर ठेवायचा, अँटेना उभी करून. जीपीएसची ही चाचणी बॅटरी खाते, मोजक्याच वेळा करायची.

आपल्याकडच्या उन्हाची मला खरी काळजी. पीएलबी साधारण ५५ अंशांपर्यंत चालतो, पण मे महिन्यात जालना रोडला उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. तिथे चुकूनही ठेवू नका. माझा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यालाच असतो.

बॅटरीवर मुदत छापलेली असते. ती घरी बदलता येत नाही. सील उघडलं की पाणी आत शिरायची भीती. कुठे बदलून मिळेल आणि किती दिवस लागतील, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.