आधी कोणतं फीचर: मॉस्को की राइस?

फीचर्सची यादी लांबलचक आणि डेव्हलपर मोजकेच, अशा वेळी आधी काय करायचं हे ठरवायला मॉस्को (MoSCoW) आणि राइस (RICE) या दोन पद्धती हमखास पुढे येतात.

मॉस्को १९९४ मध्ये ओरॅकलमधल्या डाय क्लेग यांनी मांडली. हवंच, असावं, जमलं तर आणि यावेळी नाही, असे चार कप्पे. रिलीजची तारीख ठरलेली असेल तर हीच बरी. पण बैठकीत प्रत्येकाला आपलंच फीचर ‘हवंच’मध्ये लागतं. म्हणून तिथे एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त काम नको, असं डीएसडीएम (DSDM) ही प्रकल्प चालवण्याची पद्धत सांगते. ते पाळलं नाही तर बाकीचे कप्पे नुसते शोभेचे.

इंटरकॉममध्ये तयार झालेली राइस आकड्यांवर चालते: किती जणांपर्यंत पोहोचेल गुणिले परिणाम गुणिले खात्री, भागिले मेहनत. समजा, सर्च सुधारला तर तिमाहीत २००० जणांना उपयोग, परिणाम १, खात्री ८० टक्के, मेहनत एका माणसाचे दोन महिने. गुण ८००. बिल डाउनलोडचा उपयोग ५०० जणांना, पण परिणाम ३, खात्री ५० टक्के, मेहनत एक महिना. गुण ७५०. आता ग्राहकांशी बोलून हीच खात्री ८० टक्क्यांवर गेली, तर ७५० चे १२०० होतात आणि क्रमच उलटतो. (त्यामुळे ८०० विरुद्ध ७५० वर हमरीतुमरीवर येण्यात काही अर्थ नाही.)

उत्पादन नवंकोरं असेल तर राइसचे आकडे हवेतलेच. तिथे मी मॉस्को घेईन. वापराची नोंद हाताशी असेल तर राइस. कायद्याने सक्तीचं काम मात्र राइसमध्ये घालूच नका. गुण कितीही कमी आले तरी ते करावंच लागतं.